क्लच पेडलला स्टॉप बसवायचा, तर मोजमाप तापलेल्या गाडीवर घ्या

दादा, तुमचा प्रश्न असा: हायड्रॉलिक क्लचची गाडी आहे, क्लच बराच वर सुटतो, पण सवयीनं पाय पार तळापर्यंत जातो. कोल्हापुरात महाद्वार रोडच्या गर्दीत अर्धा तास गेला की डावा गुडघा भरून येतो. मग पेडलखाली लाकडाचा ठोकळा चिकटवला तर चालेल का, आणि तो किती जाडीचा घ्यायचा?

स्टॉप, म्हणजे पेडलला तळाच्या आधीच अडवणारा तुकडा, चालतो; मी चार वर्षं वापरतोय. ठोकळा मात्र नको. आणि जाडी दुसऱ्याला विचारून घेऊ नका, माझीसुद्धा नको. ती तुमच्याच गाडीवर, तीही गाडी चांगली तापल्यावर मोजायची. मी थंड गाडीवर मोजली होती. त्याचं काय झालं ते सांगतोच.

पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर (पेडलपाशीचा पंप) ऑइल स्लेव्हकडे (गिअरबॉक्सपाशीच्या सिलिंडरकडे) ढकलतो, स्लेव्ह फोर्क रेटतो, रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या डायफ्रामची (चकतीसारख्या स्प्रिंगची) बोटं दाबतं आणि क्लचप्लेट मोकळी होते. ती मोकळी झाल्यावर पेडल आणखी खाली नेऊन गिअरबॉक्सला काही मिळत नाही. पाय दमतो आणि ती बोटं उगाच जास्त वाकतात. हा शेवटचा तुकडा कापायचा, एवढंच स्टॉपचं काम. बीएमडब्ल्यूच्या नव्वदीतल्या ३ सिरीजला क्लच पेडलखाली कंपनीचाच स्टॉप यायचा, त्यामुळं हा काही गॅरेजवाल्यांनी काढलेला उद्योग नाही.

पण हिशेब किती बारीक आहे ते बघा. पेडलचं गुणोत्तर ६ ला १ धरलं, तर पायाखालचे ३० मिमी म्हणजे मास्टरच्या पिस्टनचे ५ मिमी. मास्टर ५/८ इंची आणि स्लेव्ह ३/४ इंची असेल तर स्लेव्ह त्यातून साडेतीन मिमी सरकतो. पुढं फोर्कचं गुणोत्तर लागलं की बेअरिंगपाशी जेमतेम २ मिमी उरतात. म्हणजे वर बोटभर चुकलात की आत प्लेट घासत राहते, आणि ते दिवसेंदिवस सिंक्रोच्या (गिअर आवाज न करता बसवणाऱ्या) रिंगा खात राहतं. गुडघा वाचवायला जाऊन गिअरबॉक्स खोलायची पाळी येते.

आता माझी गोष्ट. पहिल्यांदा डिसेंबरात सकाळी सात वाजता, दारात, गार गाडीवर मोजलं. पेडल सोडताना क्लच फ्लोअरपासून ६२ मिमीवर पकडत होता. दहा मिमी सोडले आणि स्टॉप ५२ वर बसवला. गावात आठवडाभर मजेत चालली, मीही चार जणांना कौतुकानं दाखवली. मग एका रविवारी गगनबावड्याला निघालो. उसाचा सीझन. कळ्याच्या पुढं दोन-दोन ट्रॉल्या लावलेल्या ट्रॅक्टरांची रांग, पाऊण तास नुसतं अर्ध्या क्लचवर सरकणं. एका ट्रॉलीचा धुरा मोडला, मागं घ्यायची वेळ आली आणि रिव्हर्स टाकला तर कर्रर्र! पेडल स्टॉपवर टेकलेलं, पाय आणखी खाली जाईना आणि गिअर पडेना. मागून हॉर्न, शेजारी मिसेसचा चेहरा. शेवटी गाडी बंद करून रस्त्याकडेला डॅशखाली आडवा झालो आणि १३ च्या पान्यानं स्टॉप काढून खिशात घातला.

घरी आल्या आल्या, गाडी तापलेली असतानाच परत मोजलं: ५१ मिमी. तापल्यावर पकड अकरा मिमी खाली आली होती आणि माझा स्टॉप त्याच्या वर उभा. त्यात ऑइल तीन वर्षांचं. क्लचमध्येही ब्रेक ऑइलच असतं; ते हवेतलं पाणी ओढतं, तापल्यावर मऊ पडतं, पेडलचा तेवढा प्रवास फुकट जातो. ऑइल बदलून एअर काढल्यावर गरम-थंडातला फरक बराच कमी झाला. दर दोन वर्षांनी ते बदला. मास्टरच्या टोपणावर डॉट ३ की डॉट ४ लिहिलेलं असतं, तेच भरा, आणि रंगावर सांडू देऊ नका.

म्हणून मोजायची पद्धत अशी. आधी अर्धा-पाऊण तास गर्दीत गाडी चालवून या. सपाट जागा, पुढं मोकळं, हँडब्रेक ओढलेला, मॅट काढलेली. पहिला गिअर टाकून पेडल हळूहळू सोडा; इंजिनचा आवाज जिथं जरा बसतो तिथंच पाय धरून ठेवा आणि चावी बंद करा. मग दुसऱ्या माणसानं पट्टी लावायची. इंजिन चालू असताना कुणाला पायाशी वाकायला लावू नका. हे तीनदा करा आणि सर्वांत कमी आकडा धरा. त्यातून २० मिमी वजा. माझे ५१ वजा २० म्हणजे ३१. मी ३० वर ठेवला.

बसवल्यावर परीक्षा. तापलेली गाडी न्यूट्रलला, पेडल स्टॉपपर्यंत दाबून तीन-चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. आवाज आला तर स्टॉप खाली घ्या, तिथं चर्चा नाही. रिव्हर्सलाही सिंक्रो असलेल्या गाडीत ही परीक्षा फसवी ठरते. तिथं सपाटीवर पहिला गिअर, पेडल स्टॉपवर, हँडब्रेक सोडलेला, आणि इंजिन थोडं रेज करून बघा. गाडी केसभरही पुढं सरकता कामा नये.

ठोकळा का नको? कार्पेट दबतं, चिकटवलेलं निघतं, आणि निघालेला ठोकळा घरंगळत ब्रेक पेडलखाली गेला तर पुढचं बोलायलाच नको. स्टॉप बोल्टनं घट्ट बसलेलाच हवा. मी उद्यमनगरात एका टर्नरकडून २५ मिमीच्या नायलॉन रॉडचा तुकडा लेथवर फेस करून घेतला, त्यात एम ८ चे आटे पाडले, खाली चेकनट (बोल्ट सैल होऊ नये म्हणून आवळायची जादा नट). त्यानं विचारलं, "कशाचा पार्ट हा?" सांगितल्यावर म्हणाला, "सीट पुढं घ्या की सायेब." खरं तर तेही करून बघाच, फुकटचं काम आहे.

फायरवॉलचा (इंजिन आणि केबिनमधला) पत्रा पातळ असतो आणि घाईत माणूस पेडलवर चांगला जोर देतो. म्हणून पत्र्यामागं ३ मिमीची पट्टी द्या. भोक पाडण्याआधी बॉनेट उघडून पलीकडं काय आहे ते बघा. वायरिंग, एसीचा पाइप, ब्रेकची लाइन, सगळं तिथंच असतं. जागेवर आधीचं भोक किंवा ब्रॅकेट मिळालं तर उत्तम. स्टॉप पेडलच्या दांड्याला मध्यावर टेकणार असेल, तर पायापाशी ३० मिमी म्हणजे तिथं १५ मिमीच, आणि जोर दुप्पट.

वरच्या बाजूचा बोल्ट म्हणजे हा स्टॉप नव्हे. तो पेडलची मोकळी उंची ठरवतो. काही जण तो किंवा मास्टरचा पुशरॉड फिरवून पकड खालीवर करतात. पुशरॉडला हात लावू नका. पेडलला वर दोन-तीन मिमी ढिलाई हवीच. ती गेली की मास्टरमधलं परतीचं भोक बंद राहतं, तापून फुगलेल्या ऑइलला वाट मिळत नाही, आणि पाय न लावताच क्लच घसरू लागतो.

क्लच दाबल्याशिवाय सुरू न होणारी गाडी असेल तर तो स्विच पेडलच्या तळाशी असू शकतो. आमच्या मेव्हण्याच्या गाडीला मी हौसेनं स्टॉप बसवून दिला, आणि कावळा नाक्यावर पेट्रोल भरल्यावर गाडी सुरूच होईना. पेडल स्विचपर्यंत पोचत नव्हतं. त्याच्या गाडीत मग स्टॉप निघाला तो निघालाच. स्विच बायपास करायला मी नाही म्हणालो.

आणि पेडल दोन-तीनदा पंप केल्यावरच गिअर पडत असेल, किंवा पेडलच्या वर मास्टरच्या टोकाशी ओल दिसत असेल, तर स्टॉपचं नाव काढू नका. ते सीलचं किंवा एअरचं दुखणं आहे, आणि अशा गाडीला उलट सगळाच प्रवास लागतो. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी विचारा.

चेकनट आवळल्यावर नट आणि बोल्टवरून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवा. माझी पहिल्या पंधरवड्यात थोडी सरकली होती. खाली स्प्रिंग वायसर टाकल्यावर थांबली. तुमचा गरम गाडीचा आकडा आला की कळवा.