वाचकांचे प्रश्न : जमीन खरेदीदाराच्या मालकीची नेमकी केव्हा होते?

प्रश्न : 2 एकर जिरायत जमिनीचा व्यवहार 18 लाखांना ठरला. साध्या मुद्रांकावर इसारपावती केली, 12 लाख बँकेतून दिले, ताबाही मिळाला. यंदाचा हरभरा आम्हीच पेरला आहे. आता विक्रेता खरेदीखताला टाळाटाळ करतो. पण पैसे गेले, ताबा आला, म्हणजे जमीन आमचीच ना?

उत्तर : अजून नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 चे कलम 54 सांगते की 100 रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या जमिनीची विक्री फक्त नोंदणीकृत दस्तानेच होते. इसारपावती काय किंवा साठेखत काय, तो पुढे विक्री करण्याचा करार असतो. त्याने जमिनीत हक्क निर्माण होत नाही, हेही त्याच कलमात लिहिले आहे. कुलमुखत्यारपत्राच्या आधारे झालेल्या ‘विक्री’नेही मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केले.

ताबा हा तुमचा मोठा आधार वाटतो, पण तिथेच अडचण आहे. करारानुसार मिळालेला ताबा टिकवण्याचे संरक्षण कलम 53-अ देते. मात्र 24 सप्टेंबर 2001 पासून त्यासाठी तो करारही नोंदवलेला असावा लागतो. तुमची पावती नोंदवलेली दिसत नाही. शिवाय ताब्यासह केलेल्या करारावर महाराष्ट्रात खरेदीखताइतके मुद्रांक शुल्क लागते, त्यामुळे कोर्टात पावती दाखल करताच कमी भरलेले शुल्क दंडासह भरावे लागेल.

तरीही हात रिकामे नाहीत. करार पुरा करून मागण्याच्या दाव्यात नोंदणी नसलेली पावतीही पुरावा म्हणून चालते. आधी वकिलामार्फत नोटीस द्या. तीत तारीख आणि दुय्यम निबंधक कार्यालय नमूद करून ‘उरलेले 6 लाख घेऊन हजर राहतो’ असे स्पष्ट लिहा, आणि ते 6 लाख खरोखर खात्यात ठेवा. असे दावे फसतात ते बहुधा इथेच : खरेदीदार पैसे घेऊन तयार होता, हे बँकेच्या पासबुकातून दिसत नाही. दाव्याची मुदत 3 वर्षे. पावतीत खरेदीखताची तारीख ठरलेली असेल तर त्या दिवसापासून, नसेल तर विक्रेत्याचा नकार कळल्यापासून ती मोजतात. दाव्यासोबतच जमीन तिसऱ्याला विकू नये म्हणून तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज करा.

प्रश्न : आमच्या खरेदीखतावर 10 मार्चला सह्या झाल्या, नोंदणी मात्र 2 जूनला झाली. मधल्या काळात त्याच विक्रेत्याने तीच जमीन 15 एप्रिलला दुसऱ्याला विकली, त्याच दिवशी दस्त नोंदवला आणि सातबाऱ्यावर त्याचे नावही लागले. जमीन कोणाची?

उत्तर : तुमची. नोंदणी अधिनियम, 1908 च्या कलम 47 नुसार नोंदवलेला दस्त नोंदणीच्या दिवसापासून नव्हे, तर नोंदणीची गरजच नसती तर ज्या दिवसापासून लागू झाला असता त्या दिवसापासून अमलात येतो. मालकी केव्हा जाईल याबद्दल खरेदीखतात वेगळी अट नसेल, तर तो दिवस सह्यांचा. म्हणजे 10 मार्चलाच मालकी तुमच्याकडे आली आणि 15 एप्रिलला विक्रेत्याकडे विकायला काही उरले नव्हते. सह्यांपासून 4 महिन्यांत दस्त नोंदणीला सादर करायचा असतो. तुम्ही त्या मुदतीत आहात.

हाच नियम उलट बाजूने पाहा. जमीन घेणाऱ्याने निबंधक कार्यालयात शोध घेतला आणि काही सापडले नाही, तरी आधीच्या 4 महिन्यांत सह्या होऊन पडून असलेला दस्त त्यात दिसणार नाही. म्हणून शोधासोबत वृत्तपत्रात जाहीर नोटीस द्या, आणि बांधावर जाऊन प्रत्यक्ष कोण कसतो ते विचारा.

सातबाऱ्यावरच्या नावाची धास्ती घेऊ नका. ती महसुलासाठी ठेवलेली नोंद आहे. तिने मालकी मिळत नाही आणि जातही नाही. पण नोंद तशीच सोडूही नका, कारण पुढचा खरेदीदार आणि बँक तीच पाहतात. फेरफार (सातबाऱ्यावर नाव बदलण्याची नोंद) अजून प्रमाणित झाला नसेल तर दस्ताची प्रत आणि सूची क्रमांक 2 (नोंदवलेल्या दस्ताचा निबंधक कार्यालयातला उतारा) जोडून लेखी हरकत द्या. मंडळ अधिकाऱ्याने तो प्रमाणित केला असेल तर 60 दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करा. मालकीचा अंतिम निवाडा मात्र दिवाणी न्यायालयातच होईल, तेव्हा हक्क जाहीर करून घेण्याचा दावाही लावा.

प्रश्न : मी जमीन विकली. खरेदीखत नोंदवले, पण 4 लाखांचा शेवटचा धनादेश वटला नाही. खरेदीखत रद्द होईल का?

उत्तर : सहसा नाही. ‘विक्री’च्या व्याख्येतच किंमत ‘दिलेली किंवा देण्याचे वचन दिलेली’ असे शब्द आहेत. पूर्ण रक्कम मिळाली नाही एवढ्यावरून नोंदवलेले खरेदीखत रद्द होत नाही, विक्रेत्याने बाकी वसूल करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये म्हटले आहे. अपवाद दस्ताच्या शब्दांत असतो. ‘सर्व धनादेश वटल्यावरच मालकी हक्क खरेदीदाराकडे जाईल’ असे वाक्य असेल तर निकाल वेगळा लागू शकतो. पण छापील मसुद्यात बहुतेक वेळा ‘सर्व रक्कम पावली, तक्रार नाही’ असे असते आणि विक्रेता न वाचता सही करतो. तुमचा दस्त काढून हा परिच्छेद पाहा.

बाकी 4 लाखांसाठी मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 55 नुसार त्या जमिनीवर तुमचा बोजा, म्हणजे बाकी त्या जमिनीतून वसूल करण्याचा हक्क, आहे. तो वसूल करायला रक्कम देय झाल्यापासून 12 वर्षांची मुदत मिळते. धनादेशाची मुदत मात्र फार थोडी आहे. बँकेचा परतीचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस गेलीच पाहिजे. ती मिळाल्यावर समोरच्याला 15 दिवस असतात, आणि ते संपल्यावर एका महिन्यात फौजदारी तक्रार करावी लागते. मेमोवरची तारीख आजच बघा.