‘पुट अप विथ’चे समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्द कोणते, त्याचा उगम काय? त्याऐवजी ‘टॉलरेट’च लिहावं का?

परीक्षेपुरतं हवं असेल तर उत्तर दोन ओळींत संपतं. समानार्थी: टॉलरेट, एन्ड्युअर, बेअर, स्टँड, स्टमक, अबाइड. विरुद्धार्थी: रिजेक्ट, रेझिस्ट, आणि फ्रेझल व्हर्बच (म्हणजे ‘अप’, ‘विथ’सारखे शब्द जोडून झालेलं क्रियापदच) हवं असेल तर ‘स्टँड अप टू’. पण तुम्ही प्रश्नाच्या तपशिलात लिहिलंय की क्लासमधल्या सरांनी ‘पुट अप विथ’ला बोलीतलं म्हणून काट मारली आणि लेखी इंग्रजीत ‘टॉलरेट’च लिहायचं असं बजावलं. हे मी फार पूर्वी ऐकलेलं आहे आणि ते साफ चुकीचं आहे, म्हणून पुढचं सगळं लिहिते आहे.

माझं शिक्षण सांगली जिल्ह्यातल्या मराठी शाळेत झालं, इंग्रजी पाचवीपासून. नववीला इंग्रजी शिकवणाऱ्या आमच्या बाई फळ्याच्या मधोमध उभी रेघ ओढायच्या आणि डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी लिहायच्या. ‘पुट अप विथ’समोर त्यांनी आधी ‘सहन करणे’ लिहिलं, क्षणभर बघितलं, डस्टरने पुसलं आणि ‘खपवून घेणे’ लिहिलं. म्हणाल्या, “सहन तर आपण डोकेदुखीही करतो. हे तसं नाही. आई ‘मी हे खपवून घेणार नाही’ असं कधी म्हणते ते आठवा.” मग त्यांनी ऐकणे आणि ऐकून घेणे, चालणे आणि चालवून घेणे अशा जोड्या मांडल्या आणि विचारलं, यातल्या ‘घेणे’चा अर्थ हातात घेणे असा आहे का? नाही ना? तसंच ‘अप’ आणि ‘विथ’ सुटे करून त्यांचा अर्थ शोधायचा नाही. आम्हाला फ्रेझल व्हर्ब कधी अवघड वाटली नाहीत ती या एका तासामुळे. मराठी बोलणारा माणूस रोज शेकड्याने संयुक्त क्रियापदं वापरतो, त्याला हे कळायला काय अडचण आहे?

पुढे मी भोसरीतल्या एका कारखान्यात खरेदी विभागात लागले. इंग्लंडमधला एक पुरवठादार यंत्राचे सुटे भाग दर खेपेला उशिरा पाठवत होता. शेवटी कडक पत्र लिहायचं ठरलं आणि मसुदा माझ्याकडे आला. मी लिहिलं, ‘वी हॅव पुट अप विथ दीज डिलेज सिन्स जानेवारी.’ वरिष्ठांनी लाल पेनाने त्या तीन शब्दांवर आडवी रेघ मारली आणि वर ‘टॉलरेटेड’ लिहिलं. मी कारण विचारलं. “ही बोलीभाषा झाली. परदेशी माणसासमोर जाणारं पत्र आहे.” मी म्हटलं, सर, दोन्हींचा अर्थ एक नाही. त्यांनी मान वर न करता विचारलं, “मराठी मीडियम ना?” टेबलाभोवती चौघं उभे होते, सगळ्यांनी ऐकलं. पत्र ‘टॉलरेटेड’ घेऊनच गेलं.

माझ्या इंग्रजीवर बोलले असते तर मी विसरूनही गेले असते. त्यांनी माझ्या शाळेवर आणि त्या बाईंवर बोट ठेवलं, आणि तेही अशा मुद्द्यावर जिथे बाई बरोबर होत्या. त्यानंतर मी या एका क्रियापदाचा जितका शोध घेतला तितका दुसऱ्या कुठल्याच शब्दाचा घेतला नाही.

आता उगम. चारपाचशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘पुट अप’चा एक अर्थ होता वस्तू जागच्या जागी ठेवून देणं, म्हणजे पैसे खिशात टाकणं, तलवार म्यानात घालणं. १६११च्या किंग जेम्स बायबलमध्ये, योहानाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात, येशू पेत्राला तलवार म्यानात घालायला सांगतो तिथे क्रियापद ‘पुट अप’ हेच आहे. रोमिओ-ज्युलिएटमध्ये बेन्व्होलिओ रस्त्यात भांडणाऱ्यांना हेच सांगतो. त्यातूनच अपमान खिशात घालणं, बदला न घेता गिळणं हा अर्थ आला असं मानलं जातं. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो रुळलेला दिसतो. शेक्सपिअरच्या ‘टायटस अँड्रोनिकस’मध्ये सम्राट सॅटर्निनस राणी टॅमोराला विचारतो की चारचौघांत अब्रू जावी आणि सूड न घेता ते ‘पुट अप’ करावं की काय. ‘ऑथेल्लो’तला रॉडरिगोही आजवर मूर्खासारखं सोसलेलं आता मुकाट ‘पुट अप’ करायला तयार नाही. दोन्हीकडे ‘विथ’ नाही. तो मागाहून जोडला गेला आणि अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत आजचं रूप पक्कं झालं. आपल्याकडे तलवार म्यान करणे आहेच, ते डोळ्यासमोर ठेवलं की या क्रियापदाचा स्वभाव कळतो. ‘पुट अप विथ’ करणाऱ्याकडे तलवार आहे, तो ती उपसू शकतो, पण तूर्त आत ठेवतो. शेक्सपिअरच्या तोंडी शोभलेलं क्रियापद एका सुट्या भागांच्या पत्रात का शोभू नये, हे मला आजतागायत कुणी पटवून दिलेलं नाही.

‘टॉलरेट’ लॅटिन ‘टोलेरारे’वरून आलं, भार पेलणे या अर्थाने. त्याच मुळातून आपल्याकडे तुला आणि तोलणे आले. इंग्रजीचं स्वतःचं, घरचं क्रियापद ‘थोल’ हेही त्याच कुळातलं, सोसणे याच अर्थाचं. ते स्कॉटलंडमध्ये आजही बोलतात. म्हणजे ‘टॉलरेट’ मुळात काही उच्चकुलीन आणि बाकीचे गावंढळ असं नाही. लॅटिनमधून आलेलं तेवढं सभ्य, ही समजूत फक्त आपल्या कचेऱ्यांनी आणि क्लासवाल्यांनी धरून ठेवली आहे.

आणि अर्थातही फरक आहे. रुग्णाचं शरीर औषध ‘टॉलरेट’ करतं, ‘पुट अप विथ’ करत नाही. राज्यकर्ता दुसरा धर्म ‘टॉलरेट’ करतो, म्हणजे हाती सत्ता असून मुभा देतो. ‘पुट अप विथ’मध्ये मुभा नाही, वैताग आहे. शेजाऱ्याचा लाउडस्पीकर, रोज उशिरा येणारी बस, तिरकं बोलणारा साहेब, या सगळ्यांना ‘पुट अप विथ’. आमच्या त्या पत्रात ‘टॉलरेटेड’ वाचून ‘आम्ही इतके दिवस चालू दिलं’ असा सूर निघतो. ‘पुट अप विथ’ने ‘आम्ही खपवून घेतलं, आता पुरे’ हे पोचलं असतं. कडक पत्राला हाच सूर हवा होता.

बाकीच्यांचं थोडक्यात सांगते. ‘एन्ड्युअर’च्या मुळाशी कठीण होणं आहे, तो मोठ्या दुःखाला, लांब चाललेल्या यातनांना वापरावा, लाउडस्पीकरला नको. ‘बेअर’ आणि आपला भार एकाच मुळातले. ‘स्टँड’ या अर्थाने बहुतेक नकारात किंवा प्रश्नातच येतो, ‘आय कान्ट स्टँड इट’. सगळ्यात गमतीचा ‘स्टमक’. सोळाव्या शतकात त्याचा अर्थ राग मानणे असा होता, नंतर उलटून गिळणे, सोसणे असा झाला. आपण चूक पोटात घाल म्हणतो, तसाच. ‘कोप विथ’ला मात्र या रांगेत बसवू नका. त्यात परिस्थितीला तोंड देऊन निभावणं आहे, खपवून घेणं नाही.

विरुद्धार्थी शब्दांत ‘पुट डाउन’ लिहू नका, दरवर्षी मुलं लिहितात. ‘अप’ला ‘डाउन’ जोडून विरुद्धार्थी क्रियापद होत नाही. ‘स्टँड अप टू’ म्हणजे समोर उभं ठाकणं, हाच खरा उलटा अर्थ.

‘विथ’ला वाक्याच्या शेवटी ठेवायला घाबरणारेही भेटतील. ती धास्ती १६७२मध्ये इंग्रज कवी ड्रायडनने नाटककार बेन जॉन्सनच्या अशाच एका ओळीवर घेतलेल्या आक्षेपापासून चालत आली आहे. ‘अप विथ विच आय विल नॉट पुट’ हा त्यावरचा प्रसिद्ध टोमणा चर्चिलचा म्हणून सांगतात, पण तो त्याचाच असल्याचा पुरावा नाही. तीन शब्द तोडायचे नाहीत आणि सहन करायची गोष्ट ‘विथ’नंतरच येते, एवढं सांभाळा.

तुमच्या सरांना रॉडरिगोचं वाक्य दाखवा. चौथा अंक, दुसरा प्रवेश. त्यावर ते माध्यमाबद्दल काही बोलले तर तिथेच उत्तर द्या, मनात ठेवू नका. मी ठेवलं, त्याची गरज नव्हती.

हां, पेपर तपासणारा त्यांच्याच मताचा निघाला तर मार्क तुमचे जातील, म्हणून परीक्षेत ‘पुट अप विथ’चा अर्थ विचारला तर ‘टॉलरेट’वर खुशाल खूण करा. कायदेशीर नोटीस, करार, शोधनिबंध यांत ‘टॉलरेट’च बरं दिसतं, हेही मान्य. पण व्यवसायाच्या पत्रात, अर्जात, तक्रारीत ‘पुट अप विथ’ बिनधास्त लिहा.