वहीतील कोरी पाने

"मॅडम, मी भरपूर खातो, व्यायामही चुकवत नाही, तरी अंगाला काही लागतच नाही." समुपदेशक म्हणून गेल्या काही वर्षांत हे वाक्य मी इतक्या तरुणांच्या तोंडून ऐकले आहे की, समोरच्याने "मी भरपूर" एवढे म्हणताच पुढचे शब्द मला ठाऊक असतात. वजन घटवू पाहणाऱ्याला सहानुभूती मिळते आणि सल्ले तर न मागता मिळतात. वजन वाढवू पाहणाऱ्याची कुचंबणा मात्र थट्टेवारी नेली जाते. "नशीबवान आहेस, काहीही खा" असे ऐकून तो ओशाळतो आणि पुन्हा तो विषय काढत नाही. म्हणूनच, ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलून, एका तरुणाची हकिकत येथे लिहीत आहे.

वय २४, उंची १७६ सेंटिमीटर, वजन ५६ किलो. दीड वर्ष तो नेमाने जिममध्ये जात होता आणि त्या काळात वजनकाटा एका किलोच्या आतबाहेर हलत होता. अशा वेळी माझा पहिला प्रश्न मनाचा नसून शरीराचा असतो. वजन आपोआप घटत असेल, सतत तहान लागत असेल, वारंवार जुलाब होत असतील किंवा बसल्या जागी छाती धडधडत असेल, तर समुपदेशकाच्या खोलीत येण्याआधी डॉक्टरांची पायरी चढावी. त्याने ती चढली होती. थायरॉईड, रक्तातील साखर, सारे ठीक होते.

"म्हणजे माझे शरीरच घेत नाही," असा त्याने निकाल दिला.

हे मी धुडकावून लावले नाही, कारण त्यात तथ्याचा अंश असतो. १९९९ मध्ये संशोधक जेम्स लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थूल नसलेल्या १६ जणांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा १००० कॅलरी अधिक खाऊ घातल्या, तेव्हा कोणाच्या अंगावर जेमतेम ३६० ग्रॅम चरबी चढली, तर कोणाच्या अंगावर सव्वाचार किलोंच्या आसपास. ज्यांच्या अंगावर ती चढली नाही, त्यांच्या शरीराने जादा ऊर्जेचा मोठा वाटा व्यायामाबाहेरच्या बारीकसारीक हालचालींत, म्हणजे उठबस, येरझाऱ्या आणि चुळबूळ यांत, त्यांच्या नकळत उधळून टाकला होता. हे सांगत असताना मी त्याच्या उजव्या गुडघ्याकडे पाहिले. तो आल्यापासून शिवणयंत्राच्या पायट्यासारखा हलत होता. त्यानेही खाली पाहिले आणि तो हसला.

"तुझे शरीर घेते," मी म्हणाले, "पण ते खर्चिक आहे. आता जमेची बाजू पाहू."

मी त्याला तीन आठवडे एक वही लिहायला सांगितली. काय खाल्ले, अंदाजे किती आणि केव्हा, एवढेच. तो घेऊन आला ती वही पाहून मला कौतुक वाटले. पट्टीने आखलेले रकाने, टपोरे अक्षर, दुधाची नोंदसुद्धा मिलिलिटरमध्ये. जेवण भरघोस होते आणि भरलेल्या पानांची सरासरी दिवसाला २९०० कॅलरींच्या घरात जात होती. या उंचीच्या आणि वजनाच्या व्यायाम करणाऱ्या तरुणासाठी हे खाणे वजन वाढवणारे असायला हवे होते. मग मी पाने मोजली. २१ दिवसांपैकी १३ पाने लिहिलेली होती आणि आठ कोरी.

"ही पाने का सोडलीस?"

"त्या दिवशी विशेष काही खाल्ले नाही, म्हणून लिहिले नाही."

"विशेष नाही, म्हणजे काय खाल्लेस?"

"दुपारी थोडे जेवलो. रात्री नुसती प्रोटीन पावडर, पाण्यातून."

मी पेन्सिलीने त्या कोऱ्या पानांवर १६०० हा आकडा टाकला, तोही सढळ हाताने, आणि २१ दिवसांची सरासरी काढून वही त्याच्याकडे वळवली. ती २४०० च्या आसपास आली, म्हणजे त्याचे वजन जागच्या जागी रोखून धरण्याइतकी. त्याला "भरपूर खातो" असे वाटत होते ते खोटे नव्हते. भरपूर खाल्लेले दिवसच त्याच्या लक्षात राहत होते.

येथेच थांबून मी त्याला आहाराचा तक्ता दिला असता, तर तो आनंदाने घेऊन गेला असता आणि तीन महिन्यांनी तसाच परत आला असता. अनेकांच्या बाबतीत पूर्वी माझ्या हातून असेच झाले आहे. या वेळी मात्र मला त्या पानांची रांग खुणावत होती. कोरे पान सुटे कधीच नव्हते. दोन किंवा तीन भरगच्च पानांच्या पाठीमागूनच ते येत होते.

"भरपेट जेवलेल्या दिवसानंतरच्या सकाळी काय होते?"

तो बराच वेळ गप्प राहिला. गुडघा थांबला होता.

"आरशासमोर शर्ट वर करून बघतो. पोटावरच्या रेषा पुसट झालेल्या असतात." मग, मी काही विचारले नसताना, तो म्हणाला, "लहानपणापासून सगळे मला हाडकुळाच म्हणत आले. जिममध्ये पहिल्यांदा कोणीतरी म्हणाले की तुझे ॲब्ज भारी आहेत. माझ्याकडे चांगली अशी तेवढीच एक गोष्ट आहे, मॅडम."

इतक्या वर्षांत मला न उमगलेली गोष्ट त्या एका वाक्याने उलगडली. मी भुकेच्या मागे होते आणि तो रेषा राखत होता. त्याला वजन हवे होते, परंतु वाढलेले वजन पोटावर दिसायला नको होते. एक हात पुढे ढकलत होता आणि दुसरा मागे ओढत होता, आणि दोन्ही हात त्याचेच असल्यामुळे या रस्सीखेचीचा आवाज कोणाला ऐकू येत नव्हता. त्यानंतर आलेल्या बहुतेकांना मी हाच प्रश्न, आदल्या रात्रीचा नव्हे तर दुसऱ्या सकाळचा, विचारत आले आहे आणि तो क्वचितच वाया गेला आहे.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत घडलेली समुपदेशक आहे, त्यामुळे माझे कान एका शब्दावर पटकन टवकारतात: "पाहिजेच". रेषा दिसाव्यात, ही इच्छा झाली आणि तिच्यात वावगे काही नाही. रेषा दिसल्याच पाहिजेत, नाहीतर माझ्याकडे काहीच उरत नाही, हा मात्र हुकूम झाला, आणि हुकूम मोडण्याच्या भीतीने माणूस रात्रीचे जेवण टाळतो. "त्या रेषा दोन वर्षे दिसल्या नाहीत, तर नेमके काय हरवेल, ते लिहून आण," असे मी त्याला सांगितले. पुढच्या भेटीत त्याने चार ओळी आणल्या, मोठ्याने वाचल्या आणि चौथी ओळ वाचताना त्याला स्वतःलाच हसू आले. ती ओळ काय होती, हे त्याच्यापाशीच राहू द्यावे.

आता थोडे शरीराविषयी, कारण समज बदलली तरी ताट बदलावेच लागते. एका रात्रीत पुसट झालेल्या रेषा ही सहसा चरबी नसतेच. स्नायूंत साठणाऱ्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर, म्हणजे साठवणीतल्या साखरेबरोबर, सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवले जाते. त्यात मिठामुळे थांबलेले पाणी आणि आतड्यांतील अन्न मिळवले, तर काटा एका दिवसात किलोभर सहज सरकतो. त्यामुळे वजन रोज केले तरी विश्वास आठवड्याच्या सरासरीवर ठेवावा. ती सरासरी आठवड्याला पाव किलोच्या आसपास चढत असेल, तर त्याच्यासारख्या तरुणाला तेवढे पुरे आहे. त्यासाठी गरजेपेक्षा रोज ३०० ते ४०० कॅलरी अधिक लागतात, आणि हे "रोज" फार महत्त्वाचे आहे. काही चरबी स्नायूंबरोबर येणारच. ती अजिबात नको, हा हट्ट त्याच हुकमाचा धाकटा भाऊ आहे.

प्रथिनांच्या बाबतीत तो काटेकोर होता. व्यायाम करणाऱ्याने वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने घेतली की बहुतांश काम होते. ५६ किलोंना ती ९० ग्रॅम होतात आणि तो त्याहून अधिकच घेत होता. गोम अशी की प्रथिने सगळ्यांत लवकर पोट भरवतात. उकडलेली अंडी, वाडगाभर कच्च्या भाज्या आणि वर दोन पेले पाणी, असा जेवणाचा आरंभ करणाऱ्याच्या पोटात पुढच्या अन्नाला जागा कोठून राहणार? आम्ही भाज्या काढल्या नाहीत, त्यांचा क्रम मागे नेला. मोठा चमचाभर तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी, मूठभर शेंगदाणे म्हणजे १७० च्या आसपास, अर्धा लिटर साईचे दूध म्हणजे ३०० हून थोड्या अधिक. दूध चावावे लागत नाही आणि पोटात जागा कमी अडवते, म्हणून ज्यांना ते पचते त्यांना मी रात्रीसाठी तेच सुचवते.

भूक लागेल तेव्हाच खावे, हा उपदेश एरवी मी स्वतः करते. येथे मात्र तो बाजूला ठेवावा लागतो. त्याची भूक सध्याच्या वजनाची राखणदार होती आणि राखणदाराला विचारून कोणी भिंत हलवीत नाही. आम्ही जेवणाच्या वेळा घड्याळाला बांधल्या.

एक सावधगिरी सांगायला हवी. आरशापुढे तास जात असतील, घरच्यांबरोबर जेवणे टाळले जात असेल, पिळदार शरीर असूनही आपण किरकोळच आहोत असे मनातून हटत नसेल किंवा स्टिरॉइडच्या इंजेक्शनांचा विचार डोकावत असेल, तर प्रकरण वहीपुरते राहिलेले नसते. या अवस्थेला १९९७ मध्ये 'मसल डिस्मॉर्फिया' हे नाव मिळाले आणि अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत तिला जागाही मिळाली. तेथे मानसोपचारतज्ज्ञाची मदत घ्यावी, उशीर करू नये. हा तरुण त्या वाटेच्या तोंडाशी होता, वाटेवर नव्हता, असे मला वाटते.

चौथ्या महिन्यात त्याचे वजन ६० किलोंवर स्थिरावले होते. कंबर दोन सेंटिमीटरने वाढली होती आणि तो आकडा त्याने न विचारता सांगितला. वही अजूनही पट्टीने आखलेली होती. एका रविवारच्या पानावर रकाने सोडून, तिरक्या अक्षरांत लिहिले होते: "सकाळी रेषा दिसल्या नाहीत. दिवसभर राग आला." त्याच्या खाली, पुन्हा रकान्यात, रात्री साडेनऊची नोंद होती. दूध, ५०० मिलिलिटर.