पेस्टिंगनंतर डोळ्यांत काय घडते?

प्रश्न : द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली की आम्ही काडीवर हायड्रोजन सायनामाइडचे पेस्टिंग करतो, म्हणजे ते औषध काडीला लावतो. डोळे (काडीवरचे अंकुर) लवकर आणि एकसारखे फुटतात. हे औषध म्हणजे टॉनिकच समजायचे का? प्रमाण थोडे वाढवले तर फूट आणखी चांगली मिळेल का?
– एक द्राक्ष बागायतदार, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : हे टॉनिक नव्हे, वेलीला मोजून दिलेला ताण आहे. थंड प्रदेशांत द्राक्षाचे सुप्त डोळे पुरेशी थंडी सोसल्यावर एकसारखे फुटतात. सांगलीकडे तेवढी थंडी मिळत नाही, त्यामुळे पेस्टिंग केले नाही तर काडीच्या शेंड्याकडचा डोळा आधी फुटतो आणि खालचे डोळे मागे राहतात.

सायनामाइड डोळ्यातील कॅटॅलेज या विकराचे (एन्झाइमचे) काम रोखते. पेशीत सतत तयार होणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडचे विघटन करणारे हे विकर थंडावले, की पेरॉक्साइड साठते आणि तंतुकणिकांमधील, म्हणजे मायटोकॉन्ड्रियातील, श्वसन काही काळ विस्कळीत होते. मग भोवती हवा असूनही डोळा ऑक्सिजन तुटल्यासारखा वागू लागतो : एटीपी या ऊर्जारेणूची चणचण भासते आणि साखरेपासून अल्कोहोल बनवणारी किण्वनाची विकरे वाढतात. सुप्तावस्था मोडण्याचा इशारा या ऊर्जासंकटातूनच मिळतो, असे आज मानले जाते. उष्णतेचा धक्का किंवा श्वसन रोखणारे सोडियम अझाइडही द्राक्षाचे डोळे जागे करते, ही बाब त्याला दुजोरा देणारी आहे.

अशा ताणात वनस्पतीजवळ एक आडवाट असते. श्वसनात इलेक्ट्रॉन पुढे नेणारी नेहमीची साखळी अडली, तर ‘पर्यायी ऑक्सिडेज’ हे विकर शेवटचे दोन मोठे टप्पे वगळून इलेक्ट्रॉन थेट ऑक्सिजनपर्यंत पोहोचवते. यात एटीपी कमी मिळते, बरीच ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. पण साखळी तुंबून घातक ऑक्सिजन-रेणू तयार होण्याचे प्रमाण घटते. पाण्याचा ताण आणि कडाक्याची थंडी यांतही हीच वाट कामी येते.

मात्र या बचावाला मर्यादा आहे. प्रमाण वाढवल्यास, किंवा डोळे फुगून हिरवे टोक दिसू लागल्यावर पेस्टिंग केल्यास, पेशी सावरत नाहीत आणि डोळे जळतात. म्हणून लेबलवरील प्रमाण ओलांडू नये. पेस्टिंग करणाऱ्या मजुरांना रबरी हातमोजे द्यावेत आणि काम झाल्यावर मद्य घेऊ नये, हे त्यांना स्पष्ट सांगावे. सायनामाइड माणसाच्या शरीरात अॅसिटाल्डिहाइडचा निचरा करणारे विकर अडवते. अशा वेळी घेतलेल्या थोड्याशा मद्यानेही चेहरा लाल होणे, धडधड, मळमळ आणि रक्तदाब उतरणे असा त्रास होऊ शकतो.