फेरो बेटांवरच्या गासादालुर गावात धबधबा सोडून काय आहे? मुद्दाम वाट वाकडी करून जावं का?

जावं. पण फोटो काढून लगेच गाडीत बसणार असाल, तर नाही गेलात तरी चालेल. तो फोटो तुम्ही आधीच पाहिलाय: हिरवा कडा, वर मूठभर घरं आणि थेट समुद्रात कोसळणारा मुलाफोसुर. (वारा पिसाळला की पाणी उलटं वर उडतं. आंबोलीचं कावळेसाद पाहिलेल्यांना त्याचं फारसं अप्रूप वाटणार नाही.)

खरी बघण्यासारखी आहे ती गावात यायची जुनी वाट. गाव समुद्रकाठचं, पण समुद्र हाताशी नाही. कडा इतका उभा की होडी लावायला धड जागा नाही. मासेमारीच्या होड्या शेजारच्या बोउर गावाकडे ठेवाव्या लागत. 1940 मध्ये ब्रिटिश सैनिकांनी कड्याला पायऱ्या बांधल्या, तरी पायी कुठे जायचं तर चारशे मीटरहून उंच डोंगर चढूनच. टपालही पोस्टमन याच वाटेने आणायचा. 1873 पर्यंत गावाला स्वतःची दफनभूमी नव्हती. माणूस गेला की शवपेटी खांद्यावर घेऊन डोंगर ओलांडायचा, बोउर गाठायचं. वाटेवर एक धोंडा आहे, त्याला लिकस्टाइनुर म्हणतात, म्हणजे प्रेताचा दगड. पेटी टेकवायची ती तिथेच. रिकाम्या हाताने चढतानाही माझा भाता फुलला होता. ओल्या गवतावर खांदेकऱ्यांचं काय होत असेल, कोण जाणे.

बोउरकडून चढायला लागा आणि मधूनमधून मागे वळून बघा. टिंढोल्मुर बेटाचे करवती सुळके समोरच समुद्रात उभे दिसतात. धुकं उतरलं तर मात्र हट्ट न करता परत फिरा.

गाडीचा बोगदा झाला तो 2004 च्या आसपास. तेव्हा गावात वीसही माणसं उरली नव्हती. एवढ्यांसाठी दीडेक किलोमीटर डोंगर पोखरायचा म्हटल्यावर आपल्याकडे ती फाइल कुठल्या कपाटात गेली असती, ते सांगायला नको. बोगदा एकपदरी आहे, समोरून दिवे दिसले की बाजूच्या जागेत गाडी घ्या.

आणि व्हिसा. युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा शेंगेन व्हिसा फेरोला आपोआप चालत नाही. फेरो डेन्मार्कच्या अखत्यारीत आहे. डेन्मार्ककडे अर्ज करतानाच फेरोला जायचंय हे लिहा, आणि व्हिसावर तशी नोंद आहे ना, हे पाहूनच तिकीट काढा.