फ्रेंच रेड वाइनची सुरुवात कुठून करावी?

बोर्दोची बाटली आवर्जून आणली, पण वाइन तुरट लागली आणि लेबलवर द्राक्षाचे नावही सापडले नाही. मग आपल्याला वाइन कळतच नाही असे समजावे का, असे आपण विचारले आहे. तसे मुळीच समजू नये, कारण आपल्या जिभेने अचूक तेच टिपले आहे जे त्या वाइनमध्ये होते.

हा तुरटपणा टॅनिनचा. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून उतरणारे टॅनिन लाळेतील प्रथिनांना धरून ठेवते, म्हणून जांभूळ खाल्ल्यावर होते तसे तोंड आवळून येते. बोर्दोतल्या काबेर्ने सोविन्यों या द्राक्षाचे दाणे लहान आणि साल जाड, त्यामुळे त्याची कोवळी वाइन नुसती प्यायल्यास कठोर लागणारच. तीच मटणाच्या घासाबरोबर घेतली की मवाळ होते.

लेबलचे म्हणाल, तर फ्रान्समध्ये वाइनला बहुधा गावाची ओळख असते, आणि कोणत्या प्रदेशात कोणती द्राक्षे चालतील हे 1935 पासूनच्या कायदेशीर व्यवस्थेने बांधून दिलेले आहे. नाशिकच्या बाटलीवर आपण ‘शिराझ’ वाचतो. तेच द्राक्ष उत्तर ऱ्होन खोऱ्यात सिरा म्हणून पिकते, पण बाटलीवर मात्र ‘क्रोझ-एर्मिताज’ एवढेच असते.

माझे स्पष्ट मत असे की सुरुवात बोर्दोने न करता बोजोलेने करावी. लियोंच्या उत्तरेकडील या टेकड्यांवर गामे नावाचे पातळ सालीचे द्राक्ष होते. तिथे बहुतेक ठिकाणी घड न चिरडता अख्खेच टाकीत भरतात, त्यामुळे आंबण्याची क्रिया दाण्याच्या आतच सुरू होते आणि रंग व सुवास भरपूर उतरूनही तुरटपणा बेताचाच राहतो. 1395 मध्ये बर्गंडीच्या ड्यूक फिलिपने आपल्या मुलखातून हे द्राक्ष उपटून टाकण्याचा हुकूम काढला होता, ही त्याच्यावर झालेली मोठी अवकृपाच. दक्षिणेकडच्या ग्रॅनाइटच्या जमिनीत मात्र ते बहरले. लेबलवर मोर्गों किंवा फ्लरी ही नावे शोधावीत. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी विक्रीस येणारी ‘नूव्हो’ ही काही आठवड्यांतच तयार झालेली वाइन असते, तिच्यावरून बोजोलेची पारख करू नये.

रेड वाइन घरच्या तापमानाला प्यावी हा सल्ला युरोपातल्या थंड घरांसाठी होता. आपल्याकडे तीस अंशांच्या खोलीत अल्कोहोलचाच वास आधी नाकात शिरतो, म्हणून मी बाटली अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवतो आणि ग्लास एक तृतीयांशच भरतो. पहिल्या घोटाला लाल फळांचा आंबटपणा पुढे असतो. ग्लास हातात थोडा ऊबदार झाला की फुलांचा, ओल्या मातीचा गंध हळूहळू वर येतो, आणि ही वाट पाहणे मला फार प्रिय आहे.

त्यानंतर पुन्हा बोर्दोकडे वळावे, मात्र एखाद्या मित्राला सोबत घेऊन, दोन बाटल्या शेजारी ठेवून: एक गोट्याळ जमिनीच्या मेदोकची, जिथे काबेर्नेचा जोर असतो, आणि दुसरी सँ-तेमिलियोंची, जिथे मऊ मेर्लो अधिक असते.