शिशाचा ब्लँकच (ज्यात शिसं नसायला हवं ते कोरं पाणी) 4 पीपीबी (अब्जात 4 भाग) येत असेल तर लॅम्प बदलून काय होणार?

म्हणजे बोअरच्या पाण्यात ग्राफाइट फर्नेसवर (थेंब ट्यूबमध्ये तापवून लॅम्पच्या प्रकाशाने धातू मोजणारं यंत्र) शिसं मोजताय, ब्लँक 4 पीपीबी, स्पाइक रिकव्हरी (मुद्दाम घातलेल्या शिशातलं परत सापडतं ते) 60 टक्के, एकच सॅम्पल तीनदा मारलं तर तीन आकडे, आणि आता नवा लॅम्प मागवायचाय. थांबा जरा. पिण्याच्या पाण्याची आयएस 10500 ची लिमिटच 10 पीपीबी आहे, त्यातले 4 आपल्याच भांड्यांतून येत असतील तर लॅम्प बिचारा काय करणार.

आधी ब्लँकच्या मागे लागा. काच नको, प्लास्टिकच्या बाटल्या घ्या, 10 टक्के नायट्रिकमध्ये रात्रभर बुडवा, मग चांगल्या डीआय (क्षार काढलेल्या) पाण्याने तीन-चारदा धुवा. आणि ऑटोसॅम्पलरचे कप, ते हमखास राहतात! आम्ही दोन आठवडे अ‍ॅसिडच्या बाटल्या बदलत बसलो होतो आणि शिसं येत होतं कपातून, कारण पाकीट फोडलं की कप थेट ट्रेमध्ये. शेवटी एकच ब्लँक एका धुतलेल्या आणि एका न धुतलेल्या कपात घालून मारला तेव्हा कळलं.

आकडे हलतायत त्यासाठी ड्राय स्टेप (थेंब आटवण्याचा पहिला टप्पा) डोळ्यांनी बघा. डेंटिस्टकडे असतो तसा छोटा आरसा धरला की ट्यूबमधला थेंब दिसतो, तो गुपचूप आटला पाहिजे, तडतडला तर थोडा भिंतीवर उडणार आणि दर वेळी वेगळा उडणार. मग तापमान जरा उतरवा, रॅम्प (तापमान चढवण्याचा वेळ) लांबवा. अ‍ॅशच्या (भाजण्याच्या पुढच्या गरम टप्प्याच्या) आधी आरसा बाजूला घ्या मात्र.

रिकव्हरीचा माझा संशय क्लोराइडवर, बोअरचं पाणी खारट असतंच. शिशाचं क्लोराइड अ‍ॅशमध्येच उडून जातं, अ‍ॅटमाइझ व्हायला (शेवटी मोजण्यासाठी वाफ व्हायला) उरतंच कमी. पॅलेडियम-मॅग्नेशियम नायट्रेट मॉडिफायर (शिसं लवकर उडू न देणारं रसायन) घाला, मग अ‍ॅश 850 डिग्रीच्या आसपास नेता येतं, पण मॅन्युअलमधला आकडा डोळे झाकून घेऊ नका, आपल्याच सॅम्पलमध्ये स्पाइक घालून 100-100 डिग्रीने वर जा आणि सिग्नल पडायला लागला की एक पायरी खाली या. सिग्नलची पीक हाइट (उंची) नको, पीकचा एरिया घ्या.

स्टँडर्ड अ‍ॅडिशनने (सॅम्पलमध्येच माहीत असलेलं शिसं वाढवत मोजण्याने) सगळं सुटतं असं कोणी सांगेल, त्याने स्लोप (मोजणीच्या रेषेचा उतार) सुधारतो, ब्लँकमधली घाण तशीच राहते.

सध्या मॉडिफायर कोणता घालताय आणि अ‍ॅश किती ठेवलंय ते सांगा.